कुंकू की तेल

ताई,

आपला वाद मिटला. कोण जिंकलं ते सांगतो, पण जरा दमानं. तू असतीस तर "मास्तर, निकाल सांगा, शिकवणी नंतर" म्हणून मला मध्येच तोडलं असतंस. जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिक शिकवलं, पण माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारी तू एकटीच. आता हवं तेवढं बोलता येतं, आणि तोंड उघडावंसं वाटत नाही. म्हणून लिहितोय.

काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, जाताना सगळ्यांनी मला "काळजी घ्या" म्हणून सांगितलं. कशाची घ्यायची ते कोणी सांगितलं नाही. पेपरात द्यायचा मजकूर मिनूनं आधीच दिला होता. त्यात तुला 'सोज्वळ' म्हटलंय. वाचून मला त्याही दिवशी हसू आलं. लेकीनं आईविषयी लिहायचं ते लिहिलं, तिचा दोष नाही. मार्केट यार्डाच्या दारात तू टेम्पोवाल्यांशी काय भाषेत बोलायचीस ते तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीनं लावायचंय. भाऊजी गेले तेव्हा ही करडी गाडी फारशी जुनीही झाली नव्हती. कापड पांघरून ती पार्किंगमध्ये उभी, आणि येणारा-जाणारा तुला सल्ला देतोय की काढून टाका, बाईमाणसाला काय करायची. तू पन्नाशी ओलांडलेली, सायकलसुद्धा धड न चालवलेली. म्हणालीस, "काढते ना. आधी शिकते, मग काढते." ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरानं पहिल्याच दिवशी "आजी, क्लच" म्हटलं, तर तू गाडी बंद करून त्याला विचारलंस, "आजी कोण? तुमच्या घरची आली आहे का मागे?" महिन्याभरानं तू मला शेजारी बसवून सिंहगड रस्त्यानं खडकवासल्यापर्यंत नेलंस. पायाखाली ब्रेक नसताना मी सगळा रस्ता ब्रेक दाबत होतो.

मग माझा काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. डॉक्टर म्हणाले, गाडी विसरा. त्या दिवशी तूच मला दवाखान्यातून घरी आणलंस, आणि स्वारगेटच्या चौकात सिग्नलला उभी असताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बरं झालं. आता तू नुसती दुरुस्त कर, मी चालवते. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होतो." मी लग्न केलं नाही, तू एकटी पडलेली, मिनू नोकरीला बंगळूरला. तू दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. जेवायला मी वर यायचो आणि गाडीसाठी तू खाली यायचीस. एवढंच आपलं आयुष्य होतं, आणि मला ते पुरत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आज भाजी आवडली वाटतं."

आता दसऱ्याचं. दर दसऱ्याला तू पितळी तांब्या, झेंडूचा हार आणि कुंकवाचा करंडा घेऊन खाली यायचीस आणि हुकूम सोडायचीस, "बॉनेट उघड." लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, झालं. तुला आतलं इंजिन पुजायचं असायचं. ओलं कुंकू बोटावर घेऊन इंजिनाचं झाकण, बॅटरी, पाइप, जिथं हात पोचेल तिथं बोटं ओढायचीस, वर तांब्यातलं पाणी शिंपडायचीस. मी ओरडायचो, "ताई, खाली वायरिंग आहे!" पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजी गेल्यावर तू कपाळाला काही लावायचं सोडलं होतंस, कोणी सांगितलं म्हणून की तुझं तूच, ते मी कधी विचारलं नाही. एकदा मी म्हटलं, करंडा तरी कशाला ठेवलाय मग. तू बोट पुसत म्हणालीस, "माझ्या कपाळाला लोकांना चालत नाही. इंजिनाला मी विचारलं, त्याला चालतं." मी फडकं घेऊन गुपचूप वायरी पुसत बसलो.

ह्या वर्षी दिवाळी झाली आणि गाडी बंद पडायला लागली. पहिल्यांदा पडली ती रविवारी सकाळी, मार्केट यार्डात. तू फुलांकडे जायला गाडी उजवीकडे पुरती वळवलीस आणि इंजिन हुंदका दिल्यासारखं थांबलं. स्टिअरिंग दगडासारखं जड. मागे कांद्याचा टेम्पो, त्याच्या मागे आणखी दोन, सगळ्यांचे हॉर्न. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल ओरडला, "ओ मावशी, गाडी हाय का बैलगाडी? घ्या की बाजूला!"

तू काच खाली केलीस. "बैलगाडी असती तर बैलांनी तुझ्यापेक्षा नीट सांगितलं असतं. बोलायला वेळ आहे, तर ढकलायलाही असेल."

मला वाटलं, आता भांडण. तर त्यानं पोतं भिंतीला टेकवलं, हसला आणि म्हणाला, "बसा, बसा, तुम्ही बसा. गेर काढा फक्त." त्यानं एकट्यानं गाडी कडेला लावली. तू त्याचं नाव विचारलंस, गाव विचारलंस, पोरं किती ते विचारलंस. मी मात्र इंजिनाच्या त्या हुंदक्याचा विचार करत राहिलो.

घरी येताना सोसायटीच्या फाटकाशी ती पुन्हा बंद पडली. आपलं फाटक म्हणजे इंजिनाची परीक्षाच, डाव्या हाताला विजेची डीपी, उजव्या हाताला भिंत, आणि मधून काटकोनात वळायचं. सरळ रस्त्यावर गाडी ठणठणीत. सावकाश जाताना, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की गेली. तू तिथंच गाडीत बसून मला म्हणालीस, "बाळू, मिनूला सांगायचं नाही."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. गेल्या खेपेला मिनू आली असताना क्लचप्लेट बदलायची निघाली, तेव्हा तिनं तुझ्याकडून वदवून घेतलं होतं की गाडीचं आणखी एक दुखणं निघालं की गाडी काढायची. "आई, गाडीही म्हातारी झालीये आणि तूही," असं ती बोलून गेली होती. तू हो म्हणाली होतीस. तू दिलेला शब्द मोडत नाहीस, हा तुझा एक भयंकर दुर्गुण होता.

मग आपण पार्किंगमध्ये तपासणीला बसलो. तू आत, सीटवर तुझी घडी घातलेली गोधडी, कारण तिच्याशिवाय तुला पुढचं दिसायचं नाही. मी बॉनेटवर वाकलेलो.

"फिरव."

"कुठे?"

"उजवीकडे. शेवटपर्यंत."

"फिरवलं."

इंजिन खाली खाली गेलं, थरथरलं. "सोड," मी म्हटलं, तसं ते सावरलं. पुन्हा फिरव, पुन्हा तेच. स्टिअरिंगच्या तेलाच्या पाइपवर एक छोटासा स्विच असतो. स्टिअरिंग वळवलं की पंपावर जोर येतो आणि तेलाचा दाब वाढतो. तो दाब ओळखून हा स्विच इंजिनाला सांगतो की दम वाढव. तुला मी सांगितलं, घरात पाहुणे आले की बाहेरच्या खोलीतून कोणीतरी आत सांगावं लागतं, भात वाढवा म्हणून. हा तो निरोप्या. निरोप पोचला नाही की भात कमी पडतो.

"मग निरोप्या बदल," तू म्हणालीस. "का त्यालाही पेन्शन सुरू करायची आहे?"

मी स्विचचं वायरीचं टोपण काढलं, त्यातली दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली. स्टिअरिंगला हात न लावता इंजिनानं आपोआप दम घेतला. म्हणजे वायरिंग ठीक, इंजिन ठीक, घोटाळा स्विचमध्ये किंवा टोपणाच्या सांध्यात. टोपण उलटं करून पाहिलं तर आत लाल.

आणि तिथं आपलं जुंपलं. स्टिअरिंगचं तेल लाल असतं. टोपणात लाल दिसलं म्हणजे स्विच आतून फुटला आणि त्यातून तेल वर चढलं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. मी म्हटलं, "तेल आहे."

तू खाली उतरलीस, चष्मा कपाळावर सरकवलास, टोपण नाकाजवळ नेलंस. "हे माझं कुंकू आहे."

"ताई, स्टिअरिंगचं तेल लाल असतं."

"आणि माझं कुंकू काय हिरवं असतं?"

"हाताला बघ, बुळबुळीत लागतंय."

"तुझे हात जन्माचे बुळबुळीत. दसऱ्याला मी इथं बोट फिरवलेलं मला आठवतंय. पाण्यानं आत गेलं."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी तुझ्या कुंकवाला नावं ठेवली, आणि आता तू आपण होऊन गुन्हा कबूल करतेस तर मी म्हणतोय की नाही, तू निर्दोष आहेस. तुलाही ते कळत होतं. "आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणते माझं चुकलं, तर ते घ्यायला हा तयार नाही," असं तू पार्किंगमधल्या मांजराला सांगितलंस. पण तू हट्ट का धरलास ते मला उमगलं होतं. कुंकू असेल तर पुसलं की झालं, गाडी धडधाकट. तेल असेल तर दुखणं, आणि दुखणं म्हणजे मिनूला दिलेला शब्द.

शेवटी तह झाला. टोपण स्वच्छ करायचं, जुन्या टूथब्रशनं घासून, कोरडं करून परत बसवायचं. काही दिवस गाडी चालवायची आणि मग उघडून बघायचं. लाल नसेल तर कुंकू होतं, तू जिंकलीस. पुन्हा लाल दिसलं तर तेल, मी जिंकलो. मिनूला तोवर काही कळवायचं नाही. तू माझ्या हाताला हात लावून तह पक्का केलास, आणि मग साडीला बोटं पुसलीस.

आणि गाडी नीट चालली की! तू मार्केट यार्डात जाऊन आलीस, फाटकातून दोनदा काटकोनात वळवलीस, मुद्दाम, मला खिडकीतून दिसावं म्हणून. हॉर्नही वाजवलास. वर जेवायला आलो तर ताटात कोशिंबिरीशेजारी कुंकवाचा करंडा ठेवलेला. मी म्हटलं, "आठ दिवस थांब." मी अजून हार मानली नव्हती, पण खरं सांगतो, त्या रात्री मला तुझं कुंकू जिंकावं असंच वाटत होतं.

तुला खोकला तेव्हाच होता. मी दोनदा म्हटलं, दाखवून ये. "हवा बदललीये" म्हणालीस. मग ताप आला, मग श्वास लागायला लागला, आणि मिनू विमानानं येईतो तू नळ्यांमध्ये होतीस. डॉक्टर छातीत पाणी, फुप्फुस, जंतू असं बरंच काही सांगत होते, मी मान हलवत होतो. मला फक्त एवढं कळत होतं की तुला प्रत्येक श्वासाला जोर पडतोय. मिनू चहाला गेली तेव्हा तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलणार. तू विचारलंस, "उघडलंस का?"

मी म्हटलं, "नाही. तू आलीस की दोघं मिळून उघडू."

"एकट्यानं उघडू नकोस," तू म्हणालीस. मध्ये श्वास घेतलास. "तू पुसशील... आणि मला खोटंच सांगशील, कुंकू होतं म्हणून."

मी म्हटलं, "मी कशाला हरायला जाऊ?"

तू माझ्याकडे बघितलंस. सिस्टरनं मास्क परत लावला आणि मला बाहेर काढलं. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाल्या. मी सांगतो, काही नाही. गाडीच्या टोपणाविषयी बोलल्या, असं कसं सांगू?

सुतकात माणसाला काम नसतं. वर बायका येऊन बसायच्या, मिनूला कुरवाळायच्या, मला बघून डोळ्याला पदर लावायच्या. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून उभा राहायचो. बॉनेट बंद. आत ते टोपण. मला उघडायचं नव्हतं. जोवर ते बंद होतं तोवर आपला वाद चालू होता, आणि वाद चालू आहे म्हणजे दुसऱ्या बाजूला कोणीतरी आहे. हे वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण दिवसातून कितीदा तरी मी तुझ्या बाजूनं मुद्दे मांडायचो आणि माझ्या बाजूनं खोडायचो, आणि तेवढा वेळ बरा जायचा.

मग मिनू म्हणाली, "मामा, गाडीचं काय करायचं? तुम्ही चालवू शकत नाही, मी तिकडे. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीचं धायरीचं एक कुटुंब आहे, त्यांना हवीये. आहे तशी देऊन टाकू." तिचं बरोबर होतं. तिला तुमच्यातल्या शब्दाची आठवण करून द्यायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, आहे तशी नाही. बिघाड असलेली गाडी आपल्या घरातून जायची नाही. ती म्हणाली, "काय बिघाड आहे?" मी म्हटलं, ते अजून ठरायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. एकट्यानं. तू नको म्हणाली होतीस, पण दुसरं कोण होतं?

लाल होतं, ताई.

नुसतं लाल नाही, टोपणात थेंब साठलेला. तरी मी तुझ्या बाजूनं शेवटचा प्रयत्न केला. वर जाऊन तुझ्या मांडणीवरची स्टीलची वाटी आणली, पाणी घातलं, आणि टोपण त्यात झटकलं. कुंकू असतं तर तळाला बसलं असतं. बसलं नाही. तेल पाण्यावर तरंगलं आणि पसरलं. साधी वाटीभर पाण्याची गोष्ट, पहिल्या दिवशीच केली असती तर वाद तिथंच मिटला असता. तू म्हणाली असतीस, "मास्तर, हे तेव्हा नाही सुचलं?" नाही सुचलं. तुलाही नाही सुचलं, आणि तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. वाद मिटवायचा कुणाला होता!

तर मी जिंकलो. तेलच होतं. स्विच आतून गेला होता, गाडी म्हातारी झाली होती, तुझ्या कुंकवाचा काही दोष नव्हता. जिंकल्यावर मी वाटी घेऊन पार्किंगच्या फरशीवर बसून राहिलो. वॉचमन येऊन विचारून गेला, काका, चक्कर आली का? मला तुला सांगायचं होतं, दुसऱ्या कोणालाही सांगायचं नव्हतं. मिनूला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं कळलं. काय बरं झालं?

नाना पेठेत बसनं गेलो. दुकानदारानं जुना स्विच उलटासुलटा केला, म्हणाला, "काका, आता हे कोण बदलतं? नव्या गाड्यांना तेलाचं स्टिअरिंगच नसतं, सगळं इलेक्ट्रिक. ह्या गाड्या आता भंगारात चालल्या." मी म्हटलं, "आहे की नाही तेवढं सांगा." त्यानं शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीचं खोकं काढलं. अशी कोरडी उत्तरं द्यायला मी तुझ्याकडूनच शिकलो. दुकानातून बाहेर आल्यावर पहिला विचार आला, हे ताईला सांगायला हवं, नव्या गाड्यांना तो निरोप्याच नसतो. मग खोकं काखेत धरून बसथांब्याकडे चालायला लागलो.

स्विच बदलणं सोपं. खाली तुझा जुना टॉवेल पसरला, पान्यानं जुना सोडवला, तेल गळलं तेवढं गळू दिलं, नवा वॉशर घालून नवा बसवला. फार आवळला नाही, आवळला की चिरतो. टोपण धुऊन, वाळवून लावलं. डोळ्यांना कडेचं दिसत नाही, म्हणून पाना चुकून दोनदा बोट आपटलं. इथवर एका माणसाचं काम आहे.

पुढचं नाही. पाइपात शिरलेली हवा काढावी लागते. पुढची चाकं जॅकवर उचलायची, एकानं आत बसून स्टिअरिंग इकडून तिकडे शेवटपर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्यानं तेलाच्या डबीत बुडबुडे येतात का ते बघत राहायचं आणि तेल भरत जायचं. क्लचप्लेटच्या वेळी असो, ब्रेकच्या वेळी असो, आत तू आणि बाहेर मी. मिनू म्हणाली, "मामा, मी बसू का?" मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल. पण त्या गोधडीवर दुसऱ्या कुणाला बसवायला माझा जीव होईना.

एकट्यानं केलं. आत जाऊन बसायचं, फिरवायचं, उतरायचं, गाडीला वळसा घालून डबीत डोकवायचं. तोवर बुडबुडे विरलेले असायचे, आले होते की नाही ते कळायचं नाही. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. धाप लागली. अशाच एका फेरीला डबीवर वाकलेला असताना माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "फिरव."

मी वाट पाहिली, ताई. खरंच पाहिली. तू म्हणशील "कुठे?" आणि मी म्हणेन "उजवीकडे". चाक हललं नाही. डबीतलं तेल अगदी स्थिर होतं, त्यात पार्किंगच्या ट्यूबलाइटचा तुकडा दिसत होता. मी बॉनेटला दोन्ही हात टेकून मोठ्यानं रडलो. आईच्या वेळी नाही रडलो, भाऊजींच्या वेळी तुला सावरायचं होतं. ह्या वेळी सावरायला कोणी नव्हतं आणि कोणाला सावरायचंही नव्हतं. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून पुन्हा आत जाऊन बसलो, कारण हवा राहिली असती तर पंप खराब झाला असता.

आज सकाळी धायरीहून संतोष आला, गाडी घ्यायला. बरा मुलगा आहे. आईला डायलिसिसला न्यायला-आणायला गाडी हवी आहे म्हणाला. बॉनेट उघडून बघताना त्याचं बोट इंजिनाच्या झाकणाच्या कडेशी थांबलं.

"काका, हितं काय लीक हाय का? लाल दिसतंय."

मी वाकून बघितलं. कोरडं होतं. बोटाचा ओढलेला ठसा, वर जाड, खाली निमुळता. माझ्या फडक्यातून सुटलेला.

"नाही," मी म्हटलं. "ते कुंकू आहे."

"आसं व्हय," तो म्हणाला. "आमची आई बी लावती." मी पुसायला सांगितलं नाही, आणि त्यानंही पुसलं नाही. मिनूनं चाव्या दिल्या. गोधडी मी काढून घेतली, त्याला तिची गरज नव्हती, चांगला उंच आहे.

मग तो बसला, गाडी सुरू केली आणि फाटकाकडे निघाला. मी मागोमाग चालत गेलो. डीपी आणि भिंतीच्या मध्ये त्यानं गाडी सावकाश घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं, शेवटपर्यंत. इंजिन जरासं खाली बसलं. मी मनातल्या मनात म्हटलं, पड. बंद पड. एकदाच बंद पड, मग मी जाऊन तुला सांगेन की ताई, निदान करण्यात मी चुकलो, खाली उतर, आपण परत बघू.

स्विचनं निरोप दिला. इंजिनानं दम घेतला, गाडी काटकोनात वळली आणि रस्त्याला लागली. संतोषनं हात बाहेर काढून हलवला. मी काम चोख केलं होतं. मी गोधडी घेऊन फाटकात उभा होतो, आणि कडेचं दिसत नसल्यामुळे गाडी डावीकडे वळताच मला दिसेनाशी झाली.